गोदूच्या बांगड्यांत पडलेली भर

१

रविवारी सकाळी पेणला शिवदास शेटच्या पेढीवरची पत्र्याची पेटी उघडली आणि ती रिकामी निघाली. तिजोरी फुटली असती तरी मुनीमाने एवढी बोंब मारली नसती. अहो, पेटीत पैसे नव्हतेच मुळी! मिठाचे पास होते. कुठल्या लॉरीने आगरातून मीठ उचललं आणि त्यावरचा सरकारी कर भरला गेला, हे सांगणारे चिठोरे. पेढीचा कायदा असा, की ड्रायव्हरने खेप झाली की पास त्या पेटीत टाकायचा आणि महिना भरला की पास मोजून पगार घ्यायचा. पास नाही तर पगार नाही. आणि तेच पास तपासायला कराचा साहेब सोमवारी पेढीवर यायचा होता.

साहेब बिचारा रविवारीच आला. दुपारची जेवणं व्हायच्या आत भागोजी ड्रायव्हर कोठडीत जाऊन बसलासुद्धा.

बाळाजी मुखत्याराला हे सगळं कळलं ते सोमवारी सकाळी, भागोजीची बायको कोकिळा ओटीच्या पायरीवर येऊन बसली तेव्हा. बाळाजी म्हणजे पेणातला कोर्टकचेरीचा माणूस. लॉरीवाल्यांचे करार, चाकपट्टीच्या कराचे अर्ज, लायसनची कटकट, सगळं त्याच्याच गळ्यात. पोट सुटलेलं, तपकिरीची सवय, आणि तोंड असं फटकळ की अशील आधी शिव्या खायचा आणि मग सल्ला.

"रडतेस कशाला? आधी सांग, मग रड," तो म्हणाला.

"रडत न्हाय मी," कोकिळा पदराने डोळे पुसत म्हणाली. "काका, उद्या दुपारी त्यांना अलिबागच्या कोर्टात नेनार हायेत. साहेब म्हनला, लायसन जाईल. लायसन गेला तर लॉरी ठेवून काय करू? गळ्यातला मोडून लॉरीचा पयला हप्ता भरलाय आमी."

"त्याने पास घेतले का?"

"न्हाय!"

"तुला कसं ठाऊक?"

"काका, पास म्हंजे त्यांचा पगार. सोताचाच पगार कोन चोरतो?"

बाळाजीने तपकिरीची डबी मिटली. प्रश्न अगदी त्याच्या मनातलाच होता. तो उठून कोट शोधायला लागला, तेवढ्यात कोकिळा खाली मान घालून म्हणाली, "अजून येक हाय. साहेब म्हनतो, मी पेढीवरच्या गोदूमावशीला बांगड्या दिल्या. लाच म्हनून."

"कसल्या बांगड्या?"

"तेच मला कळंना," ती म्हणाली.

२

कराचा हॉब्सन साहेब वयाने कोवळा आणि मनाने सरळ. मराठीची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाला होता आणि त्याचा त्याला भारी अभिमान. दुभाष्या म्हणून ठेवायचा नाही. जबानी स्वतः ऐकायची मराठीत आणि तिथल्या तिथे लिहून काढायची इंग्रजीत.

"आपण आसनस्थ व्हावे," तो बाळाजीला म्हणाला. बाळाजीने हसू मिशीत दाबलं आणि खुर्ची ओढली.

साहेबाचं म्हणणं सरळ होतं. भागोजी एका पासावर दोन खेपा मारून वरचं मीठ चोरून विकत होता. सोमवारी तपासणी होणार म्हटल्यावर त्याच्या पाचावर धारण बसली. शनिवारी दिवेलागणीला त्याने पेढीवर भांडण काढलं आणि संधी साधून पास लांबवले. म्हणजे हिशेब जुळवायला कागदच राहिला नाही.

"पाहिलं कोणी?"

"विश्राम मुनीम यांनी. दिव्याच्या प्रकाशात. आणि दिवा होता, याला दुसरा साक्षीदार आहे." साहेबाने जबान्यांच्या नकला पुढे सरकवल्या.

पहिली जबानी गोदूची. ती पेढीवर झाडलोट करणारी बाई, तिथे केर काढता काढता म्हातारी झालेली. बाळाजीने इंग्रजी वाचत मनातल्या मनात मराठी केलं. "भागोजी मुनीमाशी भांडून निघून गेला. मग मुनीमाने दिवा मोठा केला. नंतर मी निघाले. दारातल्या पायरीवर पडले. माझ्या बांगड्यांत भर पडली." शेजारी समासात साहेबाने लिहिलं होतं, 'बांगड्या कोणी दिल्या? ड्रायव्हरच्या पत्नीने?'

तिच्याखाली मुनीमाची जबानी. गोदू गेल्यावर आपण मोठ्या दिव्याशी लिहीत बसलो. मग पाय धुवायला मागच्या विहिरीवर गेलो. तिथून खिडकीतून भागोजी पेटीवर वाकलेला स्वच्छ दिसला. पास टाकत असेल म्हणून आपण गप्प बसलो.

साहेबाने कोठडीत जायला परवानगी दिली. भागोजी भिंतीला टेकून उभा होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"भांडलास कशावरून?"

"पगारावरून, काका. दिसाला दोन खेपा मारतो. मुनीम पास येकच देतो. सकाळी तोच, दुपारी तोच. नाक्यावर इचारला तर सांग म्हनतो, दिसभराचा पास हाय. आन पगार मोजताना म्हनतो, पास येक तर खेप येक! मंग दुसरी काय मी मौज म्हनून मारली?"

"बाकीच्या ड्रायव्हरांचं?"

"समद्यांचा तसाच. ते गप बसतात. म्या म्हनलो, सोमवारी साहेब येतोय, त्यालाच इचारतो, पास दिसाचा का खेपेचा."

बाळाजीच्या हातातली चिमूट नाकापर्यंत गेलीच नाही. अरे वेड्या! पगार मागता मागता हा गडी भलत्याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवून आला होता. पास खेपेचाच असतो. दुसऱ्या खेपेचं मीठ कर न भरता पेणाबाहेर जात होतं, आणि ते पाठवणारा पास फाडून देणारा होता, लॉरी हाकणारा नव्हे.

"हे साहेबाला सांगितलंस?"

"सांगितला. साहेब म्हनला, दोन खेपा तू कबूल केल्यास."

बाळाजीने कपाळावर हात मारून घेतला. मुनीमाने पाहिलं, गोदूने दिवा सांगितला, आणि याने आपल्या तोंडाने खेपा सांगितल्या. आता गोदूला गाठल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तो तडक तिच्या झोपडीवर गेला, तर दाराला कडी. शेजारणीने बातमी दिली की गोदू काल संध्याकाळीच पेण सोडून गेली.

३

पेढीवर शिवदास शेट लोडाला टेकून बसला होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं दिसत होतं.

"मला शुं खबर, भाई!" तो हात उडवत म्हणाला. "शनिवारी तर हूं मुंबईमां होतो. मीठ किती गेलं, पास किती फाटले, समदं मुनीम बघते. माझा पण कर बुडाला ना! सरकार माझ्याकडेच मागणार."

"आणि ड्रायव्हरांचा पगार?"

शेटने छताकडे पाहिलं. "करारमां लख्युं छे. पास नथी तो पगार नथी."

म्हणजे पास गेल्याने शेटचा फायदाही होत होता. पाच ड्रायव्हरांचा अख्ख्या महिन्याचा पगार वाचत होता. मुंबईची सबब खरी असेल, पण मुंबईत बसूनही माणूस मुनीमाच्या कानात सांगू शकतो. बाळाजीने ते मनात ठेवलं आणि तो विश्राम मुनीमाकडे वळला.

विश्राम मुनीम बारीक अंगाचा, तुळशीची माळ, जिभेवर साखर. "या, काका. काय पाहायचं ते पाहा. भागोजी माझ्या मुलासारखा हो. पण डोळ्यांनी पाहिलं ते कसं लपवू?"

बाळाजी मागच्या विहिरीवर गेला. तिथून खिडकीतून पेटी ठेवायची जागा नीट दिसत होती. दिवा असला तर माणूसही दिसला असता, त्यात खोटं काही नव्हतं. परत येताना त्याने दारातली पायरी पाहिली. रुंद, सपाट, कुठे झिजलेली नाही. याच पायरीवरून गोदू रोज जा-ये करायची. पेढीत मोठा दिवा जळत असताना ती इथे पडली कशी?

"मुनीमजी, दिवा नक्की होता?"

"होता म्हणजे? साहेबांनीच मला विचारलं, की तुम्ही दिवा मोठा केला होता ना? म्हटलं, हो साहेब, केला होता. गोदूने सांगितलंच होतं त्यांना."

"गोदू कुठे आहे?"

"पालीला, लेकीकडे. लेक बाळंत व्हायची आहे. म्हटलं, जा बाई, चार दिवस राहून ये. भाडं मीच दिलं." मुनीम गोड हसला. "म्हातारं माणूस, तेवढंच पुण्य."

बाळाजीने पेढीच्या बाहेर येऊन तपकीर ओढली. इथे पाणी मुरत होतं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण कोर्टात काय सांगायचं? पायरी सपाट आहे म्हणून मुनीम चोर? गोदू म्हणते दिवा होता, आणि गोदू खोटं बोलणारी बाई नव्हे. उभ्या जन्मात तिने पेढीवरची सुतळीसुद्धा घरी नेली नव्हती. मग तिच्या हातात नव्या बांगड्या आल्या कुठून? मुनीमाने दिल्या म्हणावं, तर आपल्याला मिळालेली लाच ती आपल्याच तोंडाने साहेबाला कशाला सांगेल?

वाटेत कोकिळा भेटली. ती त्याच्या तोंडाकडे आशेने बघू लागली. बाळाजीने नाही अशी मान हलवली आणि तो पुढे चालू लागला. त्याला स्वतःचाच संताप आला. उद्या दुपारी भागोजीला अलिबागला न्यायला धरमतरच्या तरीत बसवणार होते.

४

मंगळवारी पहाटेच उठून बाळाजी पुन्हा त्या नकला घेऊन बसला. दिव्याशी नाक टेकवून वाचत होता. दिवा मोठा केला. निघाले. पडले. बांगड्यांत भर पडली. चार वाक्यं, आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. दिवा मोठा केला की उजेड होतो, आणि उजेडात माणूस पडत नाही. आणि पडल्यावर कुणी बांगड्या देतं का?

आवडाबाई, त्याची बायको, सडा घालून आत आली. नवरा अजून तसाच बसलेला.

"अहो, केव्हाचं उजाडलंय! तेल काय फुकट येतं? दिवा वाढवते आता."

तिने हात पुढे केला, आणि बाळाजीने तिचं मनगट गच्च धरलं.

"काय म्हणालीस?"

"तेल फुकट येत नाही म्हणाले!"

"त्याच्यापुढे काय म्हणालीस?"

"इश्श! सोडा ना हात! बांगड्या वाढवाल सकाळी सकाळी!"

बाळाजीने हात सोडला. आधी तो तिच्याकडे बघतच राहिला. मग एवढ्या मोठ्याने हसला की गोठ्यातली म्हैस बिचकली. आणि मग एकाएकी त्याचा चेहरा उतरला, कारण बाहेर ऊन वर येऊ लागलं होतं.

तो तसाच कोट खांद्यावर टाकून निघाला. सदा ड्रायव्हर त्या पाचांपैकीच एक. तो लॉरी पुसत होता.

"सदा, पालीला जा. बल्लाळेश्वराच्या देवळामागे गोदूची लेक राहते. गोदूला घेऊन ये. असेल तशी उचल आणि आण."

"काका, गाडी बाहेर काढली तर मुनीम बोलंल."

"मुनीमाला आज बोलायला पुष्कळ आहे," बाळाजी म्हणाला. "तू हाक!"

५

कचेरीत साहेब अलिबागला पाठवायचे कागद लखोट्यात घालत होता. टेबलावर लाख वितळवायला दिवा पेटवला होता. शेट एका खुर्चीत घाम पुसत बसला होता. विश्राम मुनीम साक्षीदाराची सही करून दिव्याशेजारी उभा होता. दारात शिपायाबरोबर भागोजी, आणि बाहेर व्हरांड्यात कोकिळा.

"मुखत्यार, आपणास विलंब झाला," साहेब म्हणाला आणि त्याने लाखेवर शिक्का दाबला. "मी लखोटा बंद केला."

"असू दे, साहेब. झालं तुमचं काम?" बाळाजी खुर्चीत टेकला. त्याने रुमालाने मान पुसली. मग काही विशेष नाही अशा सुरात म्हणाला, "उकडतंय हो. मुनीमजी, तेवढा दिवा वाढवा."

विश्राम मुनीमाने हात पुढे केला, चावी फिरवून वात खाली घेतली, काचेवर फुंकर मारली आणि दिवा विझवला.

काचेतून धुराची रेघ वर गेली. साहेब दिव्याकडे पाहत होता. त्याने एकदा बाळाजीकडे पाहिलं, एकदा मुनीमाकडे.

"आपण त्यांना दिवा वाढवण्यास सांगितले," तो सावकाश म्हणाला. "वाढवणे म्हणजे मोठा करणे. त्यांनी विझवला."

"त्यांनी सांगितलं तेच केलं, साहेब. आमच्यात दिवा विझवला असं तोंडाने म्हणत नाहीत. अशुभ वाटतं. दुकान बंद करायचं तर दुकान वाढवतात. नारळ फोडायचा तर नारळ वाढवतात. आणि दिवा मालवायचा तर दिवा वाढवतात. तुमच्या परीक्षेच्या पुस्तकात हे नसेल, तो काही तुमचा गुन्हा नाही."

मुनीमाचा हात अजून काचेजवळच होता. तो त्याने मागे घेतला.

"गोदू तुम्हाला म्हणाली, मुनीमाने दिवा वाढवला," बाळाजी पुढे बोलू लागला. "म्हणजे पेढी बंद केली. दिवा मालवला, अंधार झाला, म्हणून रोजच्या पायरीवर म्हातारी पडली. आता सांगा, ज्या खोलीत दिवाच नाही, तिथे विहिरीवरून यांना भागोजी दिसला कसा?"

"परंतु मुनीमांनीही दिवा होता असे सांगितले."

"तुम्ही विचारल्यावर! आधी तुम्ही गोदूला विचारलंत, मग यांना. तुम्हीच म्हणालात, दिवा मोठा केला होता ना? साहेबाची चूक यांच्या ताबडतोब ध्यानात आली, आणि फुकटचा उजेड मिळाला म्हणून यांनी त्यात भागोजीला उभा केला. मग गोदू दुसऱ्यांदा तोंड उघडेल या भीतीने तिला भाडं देऊन पालीला धाडलं. ज्या साक्षीदारावर आपली बाजू उभी आहे त्याला गावाबाहेर कोण घालवतं?"

"खोटं आहे!" मुनीम किंचाळला. साखर पार गेली होती. "आणि बांगड्या? बांगड्या कोणी दिल्या तिला?"

बाहेर लॉरी थांबली. सदाने हात धरून गोदूला आत आणलं. एवढी माणसं बघून ती दारातच गांगरली.

"गोदू, भिऊ नको," बाळाजी आज कधी नव्हे ते मऊ आवाजात बोलला. "पायरीवर पडलीस तेव्हा बांगड्यांचं काय झालं?"

"साहेबाला सांगितला ना म्या. वाढवल्या." तिने पदराआडून डावा हात पुढे केला. मनगट ओकंबोकं होतं. काच रुतली होती तिथे खपली धरली होती. "समद्या वाढवल्या. येक पन न्हाय ऱ्हायली."

साहेब उठून तिच्याजवळ गेला. ते मनगट त्याने पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले. त्याने टेबलावरचा लखोटा उचलला आणि स्वतःच्या हाताने लाख फोडली.

मग मुनीमाला बोलायला फार वेळ लागला नाही. एक पास फाडायचा, दोन खेपा पाठवायच्या, दुसऱ्या खेपेचं मीठ पनवेलला आपल्याच माणसाकडे उतरवायचं. ना सरकारला कर, ना शेटला पत्ता, ना ड्रायव्हरला पगार. ड्रायव्हर हाकत होते ती दुसरी लॉरीभर कमाई महिनोन्‌महिने एकट्या विश्रामाच्या घरात जात होती. शनिवारी भागोजी साहेबाला विचारणार म्हणाला आणि याची झोप उडाली. पास त्याने न्हाणीघरातल्या बंबात जाळले होते.

"पास जळले तो आता शुं?" शेट उभा राहिला. "करार तर करार छे. पास नथी..."

"शेटजी, पास ड्रायव्हरने हरवला तर पगार नाही," बाळाजीने त्याला मध्येच तोडलं. "ड्रायव्हरांनी पास पेटीत टाकले, आणि तुमच्या माणसाने जाळले. आता पाचही जण शपथेवर खेपा सांगतील, आणि तुम्ही दोन्ही खेपांचा पगार द्याल. नाहीतर मी साहेबांना विचारतो, मुनीम कोणाचा नोकर होता."

शेट साहेबाकडे बघत खाली बसला. "आपीश," तो पुटपुटला. "समद्यांना देईन."

साहेबाने खणातून लायसनचं पुस्तक काढलं आणि ते दोन्ही हातांनी भागोजीला दिलं. "मजकडून अपराध घडला," तो म्हणाला. त्याचं मराठी अजूनही पुस्तकी होतं, पण त्या वेळी कोणाला हसू आलं नाही. कोकिळा आत धावली. तिने लायसन भागोजीच्या हातातून घेतलं, छातीशी धरलं आणि सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडली. या वेळी बाळाजीने तिला रडू दिलं.

गोदू मात्र कोपऱ्यात खाली बसली होती. काय झालं ते तिला आता कुठे उमगत होतं. आपल्या मुलासारख्या माणसाला दोन रात्री कोठडीत काढाव्या लागल्या त्या आपल्याच शब्दावरून, एवढंच तिच्या डोक्यात शिरलं होतं, आणि ती कपाळ बडवायला लागली.

"माज्या तोंडाला आग लागो! मीच बांदला रे तुला, भागोजी! माज्याच जिभेनं!"

भागोजी तिच्याशेजारी फरशीवर बसला. त्याने तिचा तो ओका हात आपल्या हातात घेतला.

"मावशे, गप. तू खराच बोलली होतीस. पयल्यापासना तू येकटीच खरा बोलत होतीस."

गोदूने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं रडणं हळूहळू थांबलं. मग तिला एकदम लेकीची आठवण झाली. पोर तिकडे कळा देत होती आणि आई इकडे कचेरीत!

"ऊठ," भागोजी म्हणाला. "मी नेतो तुला पालीला."

मीठ न भरता त्याची लॉरी त्या दुपारी पहिल्यांदाच पेणाबाहेर पडली. पुढे त्याच्याशेजारी गोदू, तिच्यापलीकडे कोकिळा. नाक्यावरच्या शिपायाने सवयीने हात आडवा करून पास मागितला.

"मावशी हाय," भागोजी म्हणाला, आणि शिपायाने हसून वाट दिली.